रुबार्बवरचा सोनेरी भुंगा

१४ मे १९८३, शनिवार. संध्याकाळ.

भुंगे जमवणाऱ्यांच्या क्लबातून आलो तो डोकं भणभणतच. डॉक्टर वोंद्राशेक यांनी कॉकेशसहून आणलेल्या नव्या पानभुंग्याचं बारसं आज केलं आणि त्याला नाव दिलं रोझेकचं. रोझेक डेंटिस्ट आहे. भुंगा पकडताना तो डोळे मिटतो. त्याने डॉक्टरांची कवळी करून दिली, एवढंच त्याचं कीटकशास्त्राला योगदान. आता पृथ्वी बुडेपर्यंत त्या बिचाऱ्या भुंग्याने रोझेकी म्हणून जगायचं.

मी ब्र्नोच्या संग्रहालयात डॉक्टरांकडे गेली कित्येक वर्षं भुंगे पाठवतोय. प्रत्येक भुंगा कापसात, कापूस पेटीत, पेटी खोक्यात, आणि खोक्यात जागा उरते म्हणून माझी बायको क्वेता तिचे खसखशीचे केक भरते. डॉक्टर केकची पोच न चुकता देतात. भुंग्यांची कधीमधी.

आमच्यात पद्धत अशी की नवी जात सापडली आणि तिचं वर्णन छापून आणलं की नाव काय ठेवायचं ते छापणाऱ्याने ठरवायचं. बायकोचं ठेवा, सासऱ्याचं ठेवा, कुत्र्याचं ठेवा. फक्त स्वतःचं ठेवायचं नाही. कुठे लिहिलेलं नाही, पण ठेवलंत तर क्लबात तुमच्या टेबलावर कोणी बियर घेऊन बसणार नाही. म्हणजे माझ्या, नेचासच्या, नावाने नेचासी असा भुंगा जगात यायचा असेल तर तो दुसऱ्या कोणाच्या तरी हातून यायला हवा. आणि तो दुसरा माणूस कवळ्यांना नावं वाटत सुटलाय.

संकल्प. यंदा माझी स्वतःची नवी जात. रोझेकशी बोलणं बंद. क्लबात एकच बियर.

१६ मे, सोमवार

दाढ ठणकतेय.

१७ मे

गावात डेंटिस्ट एकच. रोझेक दाढ कोरताना त्याच्या भुंग्याबद्दल बोलत होता. म्हणे, काय मिशा आहेत नेचास, काय मिशा. माझं तोंड उघडं असल्यामुळे उत्तर देता आलं नाही. तरी बोललो नाही हे बोललो नाहीच. संकल्प पाळला म्हणायला हरकत नाही.

२२ मे, रविवार. बागेतलं खोपटं.

आजची तारीख पुढे कोणीतरी शोधत येईल, म्हणून नीट अक्षरात लिहितो.

सकाळी क्वेता केकसाठी रुबार्बचे आंबट देठ तोडायला गेली आणि तिथूनच ओरडली की पानांची चाळण झालीय. गेलो. पानाखाली अळ्या. काळपट, गुबगुबीत, रांगेने खाणाऱ्या. क्वेताने चप्पल काढली होती. मी तिचा हात धरला. (लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच इतक्या घाईने.) म्हटलं, बाई, तू काय चिरडायला निघालीस कळतंय का तुला? ती म्हणाली, अळ्या.

रुबार्बवर आपल्याकडे कोणताही पानभुंगा वाढत नाही. माझ्या नजरेला तरी कधी आलेला नाही, म्हणजे नाहीच. पानभुंग्यांचं सगळं आयुष्य त्यांच्या झाडाशी बांधलेलं. पुदिन्याचा पुदिना सोडत नाही, लिलीचा लिली सोडत नाही. नवं झाड म्हणजे नवा भुंगा. इतकं सरळ आहे.

कुंपणाला लागून रानचुका माजलाय, त्यावर नेहमीचा तो हिरवा चकचकीत कचरा बसलेला होता. शाळेत जाणारं पोरही त्याला ओळखतं. मी तिकडे वाकलोसुद्धा नाही.

अळ्या पानांसकट बरण्यांत घालून घरी आणल्या. रुबार्बचं उरलेलं एकही पान तोडायचं नाही असं क्वेताला बजावलं. ती म्हणाली, मग केकमध्ये काय घालू? म्हटलं, शास्त्र.

२५ मे

बरण्या फडताळात, तिच्या मुरांब्यांच्या शेजारी. क्वेताचं म्हणणं, खायच्या वस्तूंशेजारी नको. मी म्हटलं, हवा खेळती आहे, अंधार आहे, आणखी काय पाहिजे? ती म्हणाली, हेच तू आपलं घर घेतानाही म्हणाला होतास.

अळ्या झपाट्याने खातायत. त्यांचं खाणं पाहत बसलो तर वेळ कसा जातो कळत नाही. कारखान्यात उशीर झाला. मी लोणच्याच्या कारखान्यात काकड्यांच्या प्रतवारीचा प्रमुख आहे हे इथे एकदा नमूद करतो, कारण चरित्रकार विचारतात. बोटभर काकडी एका पिंपात, अंगठ्याएवढी दुसऱ्यात, वाकडी तिसऱ्यात. वर्गीकरणाची असली नजर असलेल्या माणसाला देशाने काकड्यांवर बसवलं.

२८ मे, शनिवार

क्लब. एकच बियर घ्यायची होती. पण वाद निघाला. वाटाण्यात राहणारा तो किडका भुंगा पानभुंग्यांच्याच कुळात घ्यावा असं हल्ली काही लोक म्हणू लागलेत, आणि डॉक्टर वोंद्राशेकही त्यांच्या बाजूचे. मी उभा राहून सांगितलं की जो जन्मभर बीच्या पोटात बसून खातो त्याला पानभुंगा म्हणणं म्हणजे जावयाला मुलगा म्हणण्यासारखं आहे. नंतर कळलं की डॉक्टरांचे जावई शेजारीच बसले होते.

चार बियर.

१ जून

अळ्या बरण्यांच्या तळाच्या मातीत शिरल्या. मातीत कोष करतील, कोषातून भुंगा. मधले दिवस काही करायचं नसतं. मला तेच जमत नाही. बरणी दर तासाला उचलून पाहतो. क्वेता म्हणते, बाळंतिणीच्या दाराशी इतका फिरला असतास तर मी फोटो काढून ठेवला असता.

ती हे हसत म्हणाली. आम्हाला मूल नाही. राहिलं नाही. तिने असं का बोलावं कळत नाही. मीही हसलो.

११ जून, शनिवार. पहाट.

आले.

सोनेरी. दुसरा शब्द नाही. फिकट मधासारखे सोनेरी, डोकं जरा गडद, अंग लोण्यासारखं मऊ. असा पानभुंगा मी पाहिलेला नाही, पुस्तकात नाही, डॉक्टरांच्या कपाटात नाही.

रंग ताजा असतानाच धरायचा हे मला अनुभवाने ठाऊक आहे. म्हणून मातीतून डोकं वर येताच एकेकाला थेट मारायच्या बाटलीत. एकालाही पळायला, चावायला, पाय मोडून घ्यायला अवसर दिला नाही. इतकं स्वच्छ काम आयुष्यात केलं नसेल.

क्वेता चहा घेऊन आली. वाकून बघत राहिली. म्हणाली, ओटा, एक मला दे ना. जिवंत. मला चालताना बघायचाय. मी समजावलं की नमुना म्हणजे खेळणं नव्हे, आणि जिवंत भुंग्याचा शास्त्राला काडीचा उपयोग नाही. ती म्हणाली, एकच. मी म्हटलं, नाही.

मातीत गेल्या होत्या त्यापेक्षा एक कमी निघाला. आत मेला असणार.

१२ जून, रविवार

दिवसभर भुंगे कार्डांवर चिकटवले. क्वेता दाराशी आली, हातात फडक्याखाली काहीतरी होतं. म्हणाली, जरा बघतोस का, एक गंमत झालीय. मी हात वर केला. वर्णन संपेपर्यंत गंमत नको म्हटलं. गेली.

१३ जून

भुंगे सुकले आणि त्यांचं खरं सौंदर्य दिसू लागलं. पंखांच्या कवचांवर बारीक सुरकुत्या पडल्यात, सगळ्यांना सारख्या. कोणत्याही ज्ञात पानभुंग्याचं कवच असं नाही. कासवभुंग्याचं सोनं मेल्यावर उडतं. माझ्यांचं टिकलं. हे सोनं अस्सल आहे.

मी आता नुसत्या नव्या जातीवर थांबायचं नाही असं ठरवतोय. वेगळं पोटकुळसुद्धा होऊ शकेल. डॉक्टरांनी उभ्या आयुष्यात पोटकुळ केलेलं नाही.

१४ जून

लाल लेबलं काढली. ज्या एका भुंग्यावरून नव्या जातीचं वर्णन होतं त्याच्या टाचणीला लाल लेबल लावायची आमची रीत आहे. जगातल्या कोणत्याही संग्रहालयात जा, खण उघडा, लाल दिसलं की माणसं आवाज खाली आणतात. माझी लेबलं मी तरुणपणीच कापून ठेवली होती, मे दिनाच्या मिरवणुकीतून उरलेल्या पुठ्ठ्याची. जाडजूड गठ्ठा. इतकी वर्षं खणात पडून होती. रंग मात्र गेलेला नाही.

२० जून, सोमवार. क्वेताचा नामदिवस, कॅलेंडरात आज तिचं नाव.

फुलं आणली नाहीत. कारण यंदा त्याहून मोठं काहीतरी होतं. जेवताना उभा राहिलो आणि जाहीर केलं: माझ्या पहिल्या नव्या भुंग्याला तुझं नाव देईन असा लग्नात शब्द दिला होता, तो आज पुरा करतोय. अंगठी साधी होती, शब्द साधा नव्हता. या भुंग्याचं नाव क्वेताए. क्वेताचा. जगात कुठेही, कोणत्याही भाषेत.

तिने हातातला चमचा खाली ठेवला. मग डोळे पुसले आणि म्हणाली, ओटा, नक्की का? आणि तो दुसराच कोणी निघाला तर? मी म्हटलं, तू फक्त आनंद मान, शंका माझ्यावर सोड. ती म्हणाली, तसं नाही, मला तुला काही सांगायचंय. तेवढ्यात दूध उतू गेलं. मग मी पोटकुळाचा मुद्दा समजावून सांगितला, त्याला रात्रीचं जेवण पुरलं नाही.

बायका मोठा सन्मान झाला की बावरतात.

२३ जून

मटणाच्या दुकानात रांगेत उभा असताना दुकानातल्या बाईला सहज सांगितलं. ती मागे ओरडली, अगं ऐकलं का, नेचासोवाबाईंच्या नावाचा किडा निघाला. सगळी रांग वळून बघायला लागली. क्वेता शेजारी लाल झाली होती. अभिमान माणसाच्या चेहऱ्यावर दिसतोच.

घरी पोचलो. दारात म्हणाली, भुंगा तरी म्हणायचं होतं.

१० जुलै

काकडीचा हंगाम. पिंपामागून पिंप. वर्णनाचा लॅटिन मजकूर रात्री करतो. क्वेता म्हणते, रविवारी बागेत चल, रुबार्बजवळ एक गोष्ट बघण्यासारखी आहे. म्हटलं, मला जे बघायचं होतं ते मी बघितलंय, आता जगाला दाखवायचंय. ती एकटीच गेली. परतली तेव्हा टोपलीत आंबटगोड काहीतरी होतं आणि चेहरा उतरलेला. उन्हाने असेल.

३१ जुलै

कासवभुंग्याची अळी स्वतःची घाण पाठीवर छत्रीसारखी धरून फिरते. शत्रू जवळ येत नाही. क्वेताला वाचून दाखवलं. ती म्हणाली, शत्रू कशाला, कोणीच येत नसेल.

तिला शास्त्रात रस वाटू लागलाय.

१३ ऑगस्ट, शनिवार

ब्र्नोला गेलो होतो. डॉक्टर वोंद्राशेक संग्रहालयाच्या पायरीवर भेटले. भुंग्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. सप्टेंबरच्या सभेतच सगळ्यांसमोर दाखवणार. त्यांच्या तोंडून मात्र एक गोष्ट निघाली. कॉकेशसचा आणखी एक नवा भुंगा त्यांच्याकडे आहे आणि नाव अजून ठरलेलं नाही. माझ्याकडे बघत म्हणाले, बघू, कोणीतरी लायक माणूस सापडेल. मग क्वेताच्या केकबद्दल विचारलं.

माझ्याकडे बघत म्हणाले. हे मी दोनदा लिहितोय.

बसमध्ये झोप लागली नाही.

२० ऑगस्ट

विचार करतोय. एका हाताने द्यावं तेव्हा दुसऱ्या हाताने येतं. आमच्यात हे चालतंच, लाज वाटण्यासारखं काही नाही. डॉक्टरांच्या नावाचे भुंगे आहेत, पण सोनेरी एकही नाही. भर सभेत मी म्हणायचं, वोंद्राशेकी. सगळे टाळ्या वाजवणार. डॉक्टर उठणार, भारावणार. त्यांच्या खिशात एक बिननावाचा भुंगा असणार. समोर मी असणार.

यात क्वेताचं काहीच जात नाही. तिचं नाव पुढच्या भुंग्याला.

२७ ऑगस्ट, शनिवार. माझा नामदिवस.

ओटाकार नावाच्या माणसाने आज आनंदात असावं. असो.

क्वेताला सांगितलं. ती आलुबुखाऱ्यांच्या बिया काढत होती. मी शांतपणे, मुद्देसूद सांगितलं. म्हटलं, एकदा नेचासी झाला की नेचास हे नाव तुझंही आहेच, म्हणजे हिशोबाने तूच आलीस. ती बिया काढत राहिली. मी विचारलं, काही म्हणणं आहे? म्हणाली, नाही. विचारलं, तू जूनपासून काहीतरी दाखवणार होतीस, ते काय होतं? म्हणाली, आता काही नाही.

एक शब्द नाही, एक आसू नाही. इतकी वर्षं संसार केल्यावर बाई समंजस होते. केक केला नव्हता. विसरली असेल.

३ सप्टेंबर

पहिल्या पानावरचं क्वेताए खोडून वोंद्राशेकी केलं. लाल लेबलही नवं लिहिलं. जुनं कचऱ्यात टाकलं होतं, संध्याकाळी पाहिलं तर तिथे नव्हतं.

डॉक्टरांचं नाव लांब आहे. लेबलावर जेमतेम मावलं.

१६ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या. इस्त्री केलेला शर्ट. तपकिरी टाय. रोझेकशी उदारपणे बोलायचं ठरवलंय. त्याच्या मिशाळ भुंग्याची चौकशीसुद्धा करीन. क्वेताला म्हटलं, चल ना, बायका येतात सभेला. म्हणाली, माझं काय काम तिथे. खोक्यात केक मात्र भरून दिले.

१८ सप्टेंबर, रविवार. सकाळ.

काल लिहिलं नाही. हाताला पेन लागेना.

सभा बियरच्या दुकानाच्या मागच्या खोलीत असते. खोली भरली होती. मी उभा राहिलो. आधी रुबार्ब, मग अळी, मग माती, मग सोनं. लॅटिन एकदाही अडखळलं नाही. सुरकुत्यांचा परिच्छेद मी जरा सावकाश वाचला. कोणी खोकलंसुद्धा नाही. मला वाटलं, भारावलेत. मग मी म्हटलं, वोंद्राशेकी, आणि पेटी डॉक्टरांपुढे उघडून धरली.

टाळ्या वाजल्या नाहीत. डॉक्टरांनी भिंग काढलं, पेटी दिव्याखाली नेली, फिरवून फिरवून पाहिली. मग विचारलं, नेचास, मारण्याआधी किती वेळ जिवंत ठेवले होते? मी अभिमानाने सांगितलं, एक क्षणही नाही. मातीतून डोकं वर आलं की बाटलीत.

रोझेक हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. त्याने टेबलाकडे पाहिलं. तेच सगळ्यात वाईट.

डॉक्टर खालच्या आवाजात बोलले. म्हणाले, नेचास, हा अजून व्हायचा होता. कोषातून निघालेला कोणताही पानभुंगा आधी असाच फिका आणि मऊ असतो. रंग आणि कडकपणा नंतर येतो, त्याला जरा वेळ द्यावा लागतो. कवच मऊ असताना मारलं की वाळल्यावर सुरकुतणारच. हे तर क्लबात नव्या मुलांना तुम्हीच सांगता. आणि रुबार्ब आणि रानचुका हे एकाच घराण्यातले, त्यामुळे चुक्यावरचा तो हिरवा रुबार्बवर चढला तर नवल नाही. मग म्हणाले, माझं नाव काढून टाकलंत तर बरं होईल. रागावून नाही म्हणाले. केकचा तुकडा हातात होता.

शेवटी त्यांनी कॉकेशसच्या दुसऱ्या भुंग्याचं नाव जाहीर केलं. बियरच्या दुकानाच्या मालकाचं. मालकाने सगळ्यांना एकेक ग्लास फुकट दिला. मीही घेतला, नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. निघताना डॉक्टर म्हणाले, बाईंना नमस्कार सांगा, यंदा खसखस उत्तम जमलीय.

त्याच दिवशी, दुपार

शांतपणे विचार केला. फिका असतो हे मान्य, पण इतका सोनेरी? दिव्याचा प्रकाश पिवळा होता. डॉक्टरांचं वय झालंय. आणि कोणी सांगावं, रुबार्बवर वाढलेल्यांची पिढ्यान्‌पिढ्यांनी वेगळी जात होतही असेल. थोडं थांबावं लागेल, इतकंच. एकही जिवंत ठेवला असता तर पुरावा हाती असता. क्वेताला म्हटलं, माझं चुकलं असं नाही, पण एक ठेवायला हवा होता.

ती म्हणाली, चल बागेत.

त्याच दिवशी, संध्याकाळ

उन्हाळाभर बागेत गेलो नव्हतो. रुबार्बची पानं नुसत्या शिरांवर उभी आहेत आणि त्यावर भुंगे. शेकडो. हिरवे, चकचकीत, शाळकरी पोरालाही ओळखू येणारे. कुंपणापासून रुबार्बपर्यंत रांगच लागलीय. मी उभा राहिलो.

क्वेताने सगळं तिथेच सांगितलं. आवाज चढवला नाही. त्या पहाटे मी चहाचा कप ठेवायला वळलो तेव्हा तिने मातीतून वर येणारा एक उचलून खिशात टाकला. काचेच्या ग्लासात ठेवला, पान दिलं. संध्याकाळी तो करडा झाला, दुसऱ्या सकाळी उठून पाहते तर हिरवागार. म्हणाली, इतका सुंदर दिसत होता की तुला दाखवायला तशीच धावत आले, फडक्याखाली तोच होता. तू हात वर केलास. मग इथे आणून सोडला.

म्हटलं, मग तेव्हाच का नाही सांगितलंस? धड सांगायचं होतं. ओरडून सांगायचं होतं.

म्हणाली, तीनदा आले होते ओटा. चौथ्यांदाही आले असते. तो माझ्या नावाचा होता ना, त्यामुळे जीव तुटत होता. चारचौघांत तुझं हसं नको, माझ्या नावाचंही नको. मग ऑगस्टात तू सांगितलंस की तो डॉक्टरांचा झाला. म्हटलं, डॉक्टरांचा आहे, डॉक्टर बघतील.

मग ती वाकून रुबार्बचे उरलेले देठ तोडू लागली. मी एक हिरवा भुंगा तळहातावर घेतला. तो बोटाच्या टोकापर्यंत चालत गेला आणि उडाला. मला राग यायला हवा होता. खूप शोधला, आला नाही.

१९ सप्टेंबर, सोमवार

काकड्या.

रोझेक रस्त्यात भेटला. म्हणाला, दाढ कशी आहे? एवढंच म्हणाला. त्याच्या जागी मी असतो तर सोडलं नसतं.

२५ सप्टेंबर

नवा संकल्प. यापुढे कोणताही भुंगा दोन दिवस जिवंत ठेवल्याशिवाय मारायचा नाही. हे मला आधीपासून ठाऊक होतंच, फक्त लिहून ठेवतोय. पुढच्या वर्षी नवी जात. पहिलं नाव क्वेताचं, यात आता बदल नाही. तिला सांगितलं. म्हणाली, राहू दे.

म्हटलं, खरंच. शपथेवर. म्हणाली, खरंच राहू दे, आणि ती लाल लेबलं काही कामाची नसतील तर मला दे. विचारलं, कशाला? म्हणाली, कागदाची टंचाई आहे, माहीत नाही का तुला.

गठ्ठा दिला.

२ ऑक्टोबर, रविवार

फडताळ उघडलं. जिथे अळ्यांच्या बरण्या होत्या तिथे आलुबुखाऱ्याचा मुरांबा, फळीवर दोन रांगा. प्रत्येक बरणीवर लाल लेबल. प्रत्येकावर तिच्या हातचं क्वेता, खाली वर्ष. पुढच्या रांगेतल्या एका बरणीवर मात्र माझं अक्षर होतं, क्वेताए, चुरगळलेलं आणि पुन्हा सरळ केलेलं. कचऱ्यात टाकलेलं ते.

एक बरणी घ्यायला हात पुढे केला. स्वयंपाकघरातून क्वेता म्हणाली, ती नको, ती ठेवायचीय. दुसरी घे.

दुसरी घेतली. पावाला लावून खाल्ली. बरी झालीय.